आपली घरे आणि तापत चाललेली हवा

पृथ्वीची हवा तापत चालली आहे, हे वाक्य आता इतक्या वेळा कानांवर पडते की ते ऐकून कोणी दचकत नाही. फार तर आपण कपाळावरचा घाम पुसतो आणि या तापण्याचे खापर कोणाच्या माथी फोडावे याचा विचार करू लागतो. कारखान्यांची धुराडी, रस्त्यांवरच्या मोटारी, आकाशातील विमाने असे आरोपी लगेच सापडतात. ते निर्दोष आहेत असे सांगण्यासाठी मी येथे उभा नाही. परंतु या रांगेत आणखी एक जण उभा राहावयास हवा, आणि तो मात्र आपल्या मनात कधी येत नाही. कारण त्याच्याच छपराखाली बसून आपण ही चर्चा करीत असतो. तो म्हणजे आपले घर.

घर हा शब्द मी येथे जरा ऐसपैस अर्थाने वापरतो. राहती घरे, कचेऱ्या, दुकाने, शाळा, इस्पितळे, सभागृहे या साऱ्या इमारती त्यात आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागातर्फे जगातील इमारतींचा एक आढावा वेळोवेळी प्रसिद्ध होतो. त्यातील अलीकडचे आकडे पाहिले तर जग जेवढी ऊर्जा वापरते तिच्यापैकी एक तृतीयांशाच्या आसपास ऊर्जा इमारती बांधण्यात आणि चालविण्यात खर्च होते. कर्बवायूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा हिशेबही साधारण तितकाच.

या वायूची कथा जुनी आहे. टिंडाल या शास्त्रज्ञाने १८५९ साली प्रयोगाने दाखविले की, हा वायू उष्णता अडवून धरतो. १८९६ साली स्वीडनच्या अऱ्हेनियसने त्याच्या वाढीने पृथ्वी किती तापेल याचे गणित मांडले. १९५८ पासून हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर त्याची रोजची मोजणी सुरू झाली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज ४२० च्या वर गेला आहे. पुढची कथा आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. मला सांगावयाचे आहे ते हे की, या वाढीत वीट, चुना, सिमेंट, सळई आणि भिंतीवरचे ते गार वारा देणारे यंत्र यांचा वाटा कसा आहे.

इमारत दोन वेळा ऊर्जा खाते. एकदा ती जन्मते तेव्हा, आणि मग जगते तोवर रोज. जन्माच्या वेळचा खर्च आपल्याला दिसत नाही, कारण तो आपल्या गावात होतच नाही. म्हणून तेथूनच आरंभ करू.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी भिंत बांधावयाची ती चुन्यात. चुनखडीचे खडे भट्टीत भाजावयाचे, मग ते पाण्यात विरवावयाचे, आणि वाळू मिसळून तो चुना बैल जुंपलेल्या घाणीत दळावयाचा. चुनखडी भाजते म्हणजे नेमके काय होते? त्या दगडात चुना आणि कर्बवायू एकमेकांना बिलगून बसलेले असतात. नऊशे अंशांच्या आसपास ताप दिला की ते सुटे होतात. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली तर भट्टीत ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कर्बवायू आकाशात जातो. हा ४४ किलोंचा वायू लाकडाच्या किंवा कोळशाच्या धुरातील नव्हे. तो दगडाच्या पोटातला आहे. जळणाचा धूर वेगळा. उद्या ही भट्टी सूर्याच्या उष्णतेवर चालविली तरी हे ४४ किलो काही चुकत नाहीत.

चुन्याच्या बाबतीत एक गमतीची गोष्ट अशी की, तो भिंतीत बसल्यावर हवेतला कर्बवायू हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड बनतो. चुन्याचा गिलावा वर्षानुवर्षे घट्ट होत जातो असे जुने गवंडी सांगत, त्याचे कारण हेच. जळणाचा धूर वगळला तर चुन्याची उधारी बरीचशी फिटते.

सिमेंट हे या चुन्याचेच थोरले भावंड. १८२४ साली इंग्लंडमधील लीड्स गावच्या जोसेफ अस्पडिन नावाच्या गवंड्याने त्याचे पेटंट घेतले आणि पोर्टलंड येथील इमारती दगडासारखे ते दिसते म्हणून त्याला पोर्टलंड सिमेंट हे नाव दिले. आजचे सिमेंट म्हणजे चुनखडी आणि माती यांचे पीठ १४५० अंशांपर्यंत तापवून तयार केलेले गोळे. त्यांना क्लिंकर म्हणतात. हे गोळे थोड्या जिप्समाबरोबर दळले की पोत्यात भरण्याजोगी भुकटी होते. चुन्याला कडक व्हावयास हवा लागते आणि महिने लागतात. सिमेंट पाण्याने, आणि तेही पाण्याखालीसुद्धा, काही तासांत धरते. धरण, बंदर, पूल, वीस मजल्यांची इमारत हे सारे शक्य झाले ते या गुणामुळे. परंतु सिमेंटची भट्टी चुन्याच्या भट्टीहून कितीतरी अधिक तापवावी लागते, आणि दगडाच्या पोटातला वायू तर सुटतोच. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या एकंदर कर्बवायूपैकी निम्म्याहून अधिक वायू असा दगडातून आलेला असतो, बाकीचा जळणाचा.

जगात वर्षाला सुमारे चार अब्ज टन सिमेंट तयार होते. त्यापैकी निम्म्याच्या आसपास एकटा चीन करतो. दुसरा क्रमांक आपला. आपले उत्पादन वर्षाला चाळीस कोटी टनांच्या पलीकडे गेले आहे. टनामागे सरासरीने सहाशे किलो कर्बवायू धरला तर जगातील एकूण कर्बवायूपैकी सहा-सात टक्के एकट्या सिमेंटच्या पदरी पडतो. सिमेंट हे राष्ट्र असते तर या बाबतीत जगातील मोजक्या मोठ्या राष्ट्रांच्या रांगेत त्याचा क्रमांक लागला असता.

मग लोकांनी सिमेंट का जवळ केले? केवळ फॅशन म्हणून केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा मुठेकाठच्या पेठांतील मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात ढेकूळ विरघळावे तसे खाली बसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. तेथील धाब्याची घरे, दगडमातीच्या जाडजूड भिंती, त्यावर मातीचे भारी छप्पर, झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे दगावली. हीच घरे उन्हाळ्यात गार असत. ज्याने आपल्या गावाचा असा ढिगारा पाहिला त्याला सळई घातलेल्या काँक्रीटचा आधार वाटला तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार गार वाड्यांची गोडवे गाणाऱ्यांना नाही. जुने सगळे चांगले आणि नवे सगळे वाईट, असल्या वाटणीने हा प्रश्न सुटत नाही. काँक्रीट कोठे लागते आणि कोठे आपण ते उगाचच ओततो, एवढाच खरा वाद आहे.

या पोत्यांचे माहेर कोठे आहे ते पाहावयाचे असेल तर चंद्रपूर जिल्ह्यात जावे. कोरपना आणि राजुरा या तालुक्यांत जमिनीखाली चुनखडी आहे. शेजारीच वर्धा नदीच्या खोऱ्यात दगडी कोळसा आहे. चुनखडी आणि कोळसा एकमेकांच्या इतक्या जवळ सापडल्यावर तेथे सिमेंटचे कारखाने उभे राहणे क्रमप्राप्तच होते. ते एकापाठोपाठ एक उभे राहिले. त्याच कोळशावर चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र चालते. त्याची शक्ती २९२० मेगावॉट आहे आणि त्याची वीज तारांवरून राज्यभर जाते. हा कोळसा राखेचा फार; शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. ही राख सिमेंटमध्ये मिसळता येते. नियमाप्रमाणे पस्तीस टक्क्यांपर्यंत मिसळता येते, आणि तेवढे क्लिंकर वाचते. आपण दुकानातून जे पोते आणतो त्यात बहुधा अशी राख असतेच. भेसळ म्हणून तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. योग्य प्रमाणात ती काँक्रीटला उलट टिकाऊ करते.

चंद्रपुराविषयी दुसरी गोष्ट आपण वर्तमानपत्रात दर मे महिन्यात वाचतो. देशातील सर्वांत तापलेल्या गावांत त्याचे नाव येते. पारा ४६-४७ अंशांवर जातो. म्हणजे पुण्या-मुंबईच्या भिंतीही तेथूनच निघतात, त्या भिंती गार करणारी वीजही काही अंशी तेथूनच येते, आणि त्या दोहोंचा धूर, धूळ आणि झळ मात्र चंद्रपूरकराच्या दारात राहते. आपल्या घराच्या किमतीत ही बाब कोठेच धरलेली नसते.

सळईची कथा थोडक्यात सांगतो. लोखंडाच्या खनिजातून प्राणवायू काढून टाकण्यासाठी कोळसा लागतो आणि तो प्राणवायू कर्बवायू होऊन बाहेर पडतो. टनभर नव्या पोलादामागे दोन ते अडीच टन कर्बवायू, असा आपल्याकडील अदमास आहे. जगात तयार होणाऱ्या पोलादापैकी निम्मे बांधकामात जाते. भंगार वितळवून केलेल्या पोलादाला याचा काही भागच खर्च पडतो. विटांचे म्हणाल, तर चीनखालोखाल सर्वांत अधिक विटा आपण भाजतो, आणि आपल्या गावांबाहेरच्या कित्येक भट्ट्यांची रीत शंभर वर्षांपूर्वीचीच आहे.

आता एका घराचा हिशेब मांडू. आठशे चौरस फुटांचे, मध्यम वर्गाचे, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि दिवाणखान्याचे घर घ्या. मिस्त्री लोकांचा ठोकताळा असा की, अडीच चौरस फुटांस सिमेंटचे एक पोते आणि दर चौरस फुटास चार किलो सळई. म्हणजे ३२० पोती, अर्थात सोळा टन सिमेंट आणि तीन टनांहून थोडे अधिक लोखंड. सिमेंटचा कर्बवायू साडेनऊ टनांच्या घरात, लोखंडाचा सहा-सात टन. विटा, फरशा, काच, अॅल्युमिनियम, वाहतूक ही सारी सोडून देऊ. तरी सोळा-सतरा टन झाले. आता हे कुटुंब महिन्याला १२५ युनिटे वीज जाळते असे समजा. वर्षाची १५०० युनिटे झाली. आपल्याकडे विजेच्या एका युनिटामागे सरासरीने सुमारे ७०० ग्रॅम कर्बवायू सुटतो. म्हणजे वर्षाला एक टनाच्या आसपास. याचा अर्थ असा की, किल्ली हातात पडून देवापुढे पहिला दिवा लागण्याआधीच त्या घराने पुढच्या पंधरा-सोळा वर्षांच्या विजेएवढा धूर आकाशात सोडलेला असतो.

हा हिशेब ढोबळ आहे. उंच इमारतीत पोलाद पुष्कळच अधिक लागते, आणि वाहनतळाचे दोन-तीन मजले, जिने, उद्वाहनांच्या विहिरी यांचा वाटा प्रत्येक घराच्या माथी येतो. परंतु या ढोबळ हिशेबातूनही एक प्रश्न निघतो: हे घर टिकणार किती वर्षे? शंभर वर्षे टिकले तर जन्माचा खर्च शंभरांत वाटला गेला. चाळीस वर्षांत पाडले तर वर्षाचा भार अडीचपट झाला.

काँक्रीट का थकते हेही येथे सांगावयास हवे. काँक्रीट अल्कधर्मी असते. त्या गुणामुळेच त्याच्या पोटातली सळई गंजत नाही. परंतु हवेतला कर्बवायू पृष्ठभागातून आत शिरत राहतो. चुन्याच्या भिंतीला जे पोषक, ते सळईच्या काँक्रीटला मारक ठरते. वायू सळईपर्यंत पोहोचला की तिचे कवच जाते आणि गंज सुरू होतो. समुद्राकाठी खारा वारा हे काम आणखी लवकर करतो. म्हणून मुंबईच्या इमारती लवकर म्हाताऱ्या होतात. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा मागतो आणि काँक्रीटचे पापुद्रे आतून ढकलून पाडतो. सळईवर काँक्रीट किती इंच आहे, त्यात पाणी किती ओतले, ओतल्यावर त्याला किती दिवस भिजत ठेवले, यांवर इमारतीचे आयुष्य ठरते. यातली एकही गोष्ट रंगीत माहितीपत्रकात छापलेली नसते. स्लॅबवर आठवडाभर पाणी मारण्याच्या आळसाने एखाद्या इमारतीची वीस वर्षे जात असतील तर त्या आळसासारखा महाग आळस दुसरा नसेल.

आपल्या शहरांतून सध्या पुनर्विकास हा शब्द घरोघर ऐकू येतो. तीस-चाळीस वर्षांची तीन मजली इमारत पाडून तेथे बारा मजली उभी करावयाची. काही इमारती खरोखरच मोडकळीला आलेल्या असतात. त्यांना इलाज नाही. मात्र पुष्कळशा चांगल्या, दुरुस्तीने आणखी तीस वर्षे उभ्या राहू शकतील अशा असतात. त्या पडतात त्या वयाने नव्हे, जागेच्या भावाने. त्यांचे काँक्रीट चुरा होऊन खड्ड्यात जाते आणि चंद्रपूरच्या खाणीत नवा सुरुंग लागतो. अधिक माणसांना शहरात जागा हवी हे मला मान्य आहे. त्यासाठी उंच बांधावे लागेल हेही मान्य आहे. परंतु चार माणसांच्या घराला तीन मोटारींची जागा बांधावी लागते तेव्हा ही सोय माणसांची की गाड्यांची, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

येथवर झाली जन्माची कथा. आता राहण्याची.

पुण्याच्या आकाशात मे महिन्याच्या मध्यावर एक दिवस असा येतो की, भर दुपारी उभ्या काठीला सावलीच पडत नाही. सूर्य नेमका डोक्यावर असतो. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा असाच येतो, पण तेव्हा ढगांमुळे कोणाच्या लक्षात येत नाही. याचा अर्थ असा की आपल्या उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसे येतच नाही. ते पडते छपरावर, आणि सकाळ-संध्याकाळ पूर्वेच्या व पश्चिमेच्या भिंतींवर. त्यातही पश्चिमेची भिंत वाईट, कारण तिच्यावर ऊन येते तेव्हा हवा आधीच तापलेली असते. माडीवर सामानाचा माळा, पश्चिमेस खोल पडवी, मधोमध उघडा चौक आणि वर कौले अशी जुन्या घरांची रचना ज्याने केली त्याला हे सारे ठाऊक होते. दीड-दोन फुटांच्या जाड भिंतीतून दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत रात्र उजाडत असे आणि तोवर बाहेरची हवा निवालेली असे. अर्थात या वाड्यांत मधल्या खोल्या अंधाऱ्या आणि ओलसर होत्या, स्वयंपाकघरात धूर कोंडे आणि त्यात बायकांचे डोळे जात, हेही विसरू नये.

आजची भिंत पाहा. अलीकडे अॅल्युमिनियमचे साचे उभे करून सबंध घरच, भिंतींसकट, काँक्रीटचे ओतण्याची पद्धत आली आहे. कामाला वेग येतो, गवंडी कमी लागतात, भिंत सरळ येते. परंतु काँक्रीटातून उष्णता विटेच्या सुमारे दुपटीने वाहते आणि ही भिंत असते बहुधा सहा इंचांची. सर्वांत वरच्या मजल्यावरची स्लॅब दिवसभर तापते आणि रात्री अकरा वाजता, आपण अंथरुणावर पाठ टेकतो तेव्हा, ती उष्णता खोलीत सोडू लागते. कचेऱ्यांच्या इमारती तर काचेच्या. काच हा थंड देशांचा पोशाख आहे. तेथे ऊन दुर्मीळ, म्हणून ते आत घेऊन कोंडून ठेवावयाचे असते. आपण तो पोशाख अंगावर चढविला, आणि त्यात गुदमरू नये म्हणून वातानुकूलन यंत्र बसविले.

या यंत्राचा जन्म मात्र माणसासाठी झालाच नव्हता. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअराने हवेतील ओल काढण्याची युक्ती शोधली. माणसाला गार वाटले ते त्या कागदाच्या निमित्ताने. यंत्र एक टनाचे की दीड टनाचे असे आपण दुकानात विचारतो, तो टन बर्फाचा आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषील तेवढे एक टनाचे यंत्र शोषते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील बोस्टनहून जहाजांनी मुंबईस बर्फ येत असे. तेव्हाची ही भाषा यंत्राला चिकटून राहिली.

हे यंत्र गारवा निर्माण करीत नाही. ते घरातली उष्णता उचलून बाहेर टाकते आणि स्वतःला लागलेल्या विजेची उष्णताही तिच्यात भर घालून टाकते. एक घर गार झाले की गल्ली तेवढी, किंबहुना थोडी अधिक, तापते. शहरातली रात्र भोवतालच्या खेड्यांपेक्षा उबदार असते हे ल्यूक हॉवर्डने लंडनमध्ये दोनशे वर्षांपूर्वीच मोजून दाखविले होते. तेव्हा ही यंत्रे नव्हती; आता शेजाऱ्याच्या यंत्राची झळ आपल्या खिडकीतून येते म्हणून आपणही एक यंत्र घेतो.

दीड टनाचे यंत्र रोज रात्री आठ तास चालविले तर दहाएक युनिटे जातात. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत नऊशे युनिटे झाली. वर सांगितलेल्या कुटुंबाची वर्षाची वीज १५०० युनिटे होती, हे आठवावे. शिवाय या यंत्रात फिरणारे वायू गळले तर आणखी निराळा उपद्रव. त्यांपैकी काही वायू वजनास वजन धरल्यास कर्बवायूच्या दोन हजार पटींनी उष्णता अडवितात. १९८७ चा माँट्रिअल करार ओझोनसाठी झाला होता. २०१६ साली किगाली येथे त्यात दुरुस्ती होऊन हे वायूही कमी करावयाचे ठरले. भारताने ती दुरुस्ती २०२१ साली मान्य केली. सौम्य वायूंची यंत्रे आता मिळू लागली आहेत. विकत घेताना विचारले तर दुकानदार सांगतो, न विचारता सांगत नाही.

आपल्या देशात शंभरांतील दहाएक घरांतच अजून हे यंत्र आहे. तेवढ्यावर ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली. उरलेल्या नव्वदांना गारवा नको आहे काय? येथे हा प्रश्न अवघड होतो. २०१० सालच्या मे महिन्यात अहमदाबादेस उष्णतेची लाट आली. त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे दगावली असे पुढे अभ्यासात दिसून आले. अशा लाटेत जी माणसे जातात त्यांत म्हातारी, लहान मुले आणि पत्र्याच्या छपराखाली राहणारी माणसे अधिक असतात. त्यांना यंत्र घेऊ नका, पर्यावरणाचा विचार करा, असा उपदेश गार खोलीत बसून करणे मला तरी जमत नाही. त्यांना गारवा मिळालाच पाहिजे. तो यंत्राआधी छपराने किती देता येईल, हे पाहणे आपले काम.

छपराने पुष्कळ देता येतो. काळवंडलेल्या स्लॅबला किंवा पत्र्याला पांढरा चुना किंवा उष्णता परतविणारा रंग दिला की खालची खोली दोन ते पाच अंशांनी निवते. अहमदाबादेने २०१३ पासून जी उष्णता-योजना राबविली तिच्यात पुढे हा उपायही आला. तेलंगणाने २०२३ साली यासाठी स्वतंत्र धोरणच केले. उपाय स्वस्त आहे. कदाचित म्हणूनच त्याच्याविषयी कोणी उत्साहाने बोलत नाही.

सिमेंटच्या बाबतीतही हालचाल आहे. राख मिसळण्याचे मी सांगितले. परंतु कोळशाची वीजकेंद्रे उद्या कमी झाली तर राखही कमी होईल. म्हणून स्वित्झर्लंड, क्यूबा आणि आपल्याकडील दिल्ली व मद्रास येथील आयआयटी यांतील शास्त्रज्ञांनी मिळून एक नवे सिमेंट सिद्ध केले. त्यात क्लिंकर निम्मे. उरलेल्यात आठशे अंशांच्या आसपास भाजलेली चिनी मातीच्या जातीची हलकी माती आणि न भाजलेली चुनखडी. मातीच्या पोटात कर्बवायू नसतो आणि चुनखडी भाजलीच नाही म्हणजे तिच्यातला सुटत नाही. कर्बवायू तीस-चाळीस टक्क्यांनी वाचतो. २०२३ साली त्यासाठी भारतीय मानकही ठरले. आता ते पोते गावोगावच्या दुकानात कधी येते ते पाहावयाचे.

कमी सामानात बांधण्याची विद्या तर आपल्याकडे आहेच. वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९३६ पासून उभ्या असलेल्या कुट्या माती, बांबू, लाकूड आणि कौले यांच्या आहेत. इंग्लंडातून येऊन केरळात स्थायिक झालेले लॉरी बेकर सांगत की, घराचे सामान पाच मैलांच्या आतले असावे ही कल्पना त्यांना गांधींकडून मिळाली. बेकरांनी विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची भिंत लोकप्रिय केली. तिला एक चतुर्थांश विटा कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊन आत येत नाही. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटऐवजी मोडकी मंगलोरी कौले घालण्याची त्यांची रीतही तशीच. तिसऱ्या-चौथ्या मजल्यापलीकडे या पद्धती जात नाहीत हे खरे. पण आपल्या तालुक्याच्या गावांतून आजही बहुतेक घरे एक-दोन मजल्यांचीच होतात.

कायदे आहेत. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा बचतीची संहिता २००७ साली आली आणि राहत्या घरांसाठी २०१८ साली. भिंत, खिडकी आणि काच यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिच्यात आहे. पण ज्या सभासदाच्या नावावर घर व्हावयाचे त्यालाच ती ठाऊक नसेल तर ती कागदावरच राहते. म्हणून ज्यांच्या सोसायटीत पुनर्विकासाची सभा लागली आहे त्यांनी, वाढीव क्षेत्रफळ आणि भाड्याची रक्कम यांची चर्चा संपली की आणखी चार गोष्टी विचाराव्यात. आपली इमारत दुरुस्त होऊ शकते काय, याचा अहवाल विकासकाच्या नव्हे तर आपल्या खर्चाने नेमलेल्या तज्ज्ञाकडून आला आहे काय? नवी भिंत कशाची आणि किती जाड? वरच्या स्लॅबवर उष्णतारोधक थर आहे काय? आणि पश्चिमेस ज्यांच्या निजावयाच्या खोल्या येतात त्यांच्या खिडक्यांवर सज्जा किती फुटांचा आहे? नकाशा महापालिकेकडे मंजुरीला जाण्यापूर्वी ही विचारपूस व्हावयास हवी. मंजुरीनंतर भिंत बदलावयाची म्हणजे फेरनकाशा आला, नव्याने परवानगी आली, आणि त्याला सहसा कोणीच तयार होत नाही.